लेहच्या शेतात उगवली हॉटेले

पूर्वी आपल्या लोकांची धम्मयात्रा म्हणजे बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि फार तर लुंबिनी. आता मुले नोकरीला लागली, हातात चार पैसे आले, कुणाला एलटीसी मिळाली, तेव्हा काही कुटुंबे लडाखलाही जाऊन येऊ लागली आहेत. परत आल्यावर फोटो दाखवले जातात. हेमिसचा विहार, ठिकसेची मैत्रेय बुद्धाची उंच मूर्ती, पँगाँगचे निळे पाणी. वस्तीतल्या आयाबाया कौतुकाने बघतात आणि म्हणतात, 'काय बाई बुद्धाची भूमी आहे!' कौतुक योग्यच आहे. पण त्या फोटोंत जे येत नाही त्याबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे. लेह शहर ज्या जमिनीवर वाढते आहे ती जमीन काल काय होती, आणि ज्याच्या वाट्याला चांगली जमीन आली नाही तो कुठे जाऊन राहिला, हा आमचा विषय आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर. मुंबईकर वाचकांना हा आकडा कळावा म्हणून सांगतो, जुलैतल्या एखाद्या धो धो दिवसात मुंबईत तेवढा पाऊस पडून जातो आणि आपण लोकल उशिरा आली म्हणून कुरकुरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस!

मग तिथे शेती होते कशी? पावसावर नव्हे. डोंगरमाथ्यावरचे बर्फ उन्हाळ्यात वितळते, त्याचा ओढा होतो, ओढ्यातून पाट काढतात. या पाटाला तिकडे 'युरा' म्हणतात. रात्रीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते 'झिंग' नावाच्या लहान तळ्यात साठवतात आणि दिवसा शेताला देतात. जिथे पाट पोचतो तिथे हिरवे, त्यापलीकडे नुसता दगड आणि वाळू. जव, गहू, वाटाणा, जनावरांसाठी लसूणघास, कडेला पॉप्लर आणि विलोची झाडे. ही हिरवळ निसर्गाने दिलेली नाही. पिढ्यानपिढ्या माती आणि खत पाठीवर वाहून माणसांनी ती केलेली आहे. अशा मुलखात शेताचा एक तुकडा गेला तर शेजारी दुसरा पाडता येत नाही.

म्हणूनच जुन्या लडाखी माणसाचा एक शिरस्ता होता. घर बांधायचे ते खडकाळ, कोरड्या कडेला. पाणी पोचते ती जमीन पिकाला. गोंपा तर डोंगराच्या सुळक्यावर. लेहमध्ये सेंगे नामग्याल राजाने सतराव्या शतकात बांधलेला नऊ मजली राजवाडा बघा आणि त्याच्याखाली उतारावर एकमेकांना चिकटून बसलेली जुनी वस्ती बघा. राजा सर्वांत वर राहिला, हे खरेच. राजे सगळीकडे वरच राहतात. पण घरांची ती गर्दी उतारावर होती आणि खालची ओली जमीन मोकळी होती.

जमीन तुटू नये म्हणून आणखी एक कडक व्यवस्था होती. सगळे शेत थोरल्या मुलाच्या 'खांगपा'कडे, म्हणजे मोठ्या घराकडे जायचे. म्हातारे आईबाप 'खांगबू' या लहान घरात राहायला जायचे. धाकट्या भावांपैकी एखादा भिक्खू व्हायचा, आणि कित्येक घरांत भावाभावांची मिळून एकच बायको असायची. १९४१ साली कायद्याने या बहुपतित्वावर बंदी आली. त्या बाईला कुणी विचारत होते का, हा प्रश्न आमच्या मनात येतोच आणि बंदी आली ते योग्यच झाले. पण जमिनीच्या हिशेबात त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक भावाचा संसार वेगळा, प्रत्येकाचे घर वेगळे. पुढे ही नवी घरे आपापल्या वाटणीच्या शेतात उभी राहू लागली.

एवढ्याने शहर झाले नसते. ते केले रस्त्याने. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास श्रीनगरहून लेहपर्यंत मोटारीचा रस्ता पोचला, लष्कराच्या छावण्या आल्या, सरकारी कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर बांधकाम आणि नोकऱ्या आल्या. रेशनवर स्वस्त तांदूळ आणि गहू मिळू लागले तेव्हा थंडीवाऱ्यात जव पिकवण्यात फायदा उरला नाही. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले. त्या पहिल्या वर्षी पाचशेच्या आसपास पर्यटक आले होते. २०२२ साली पाच लाखांहून अधिक आले. २०११ च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या आहे ३०,८७०. भागाकार करून बघा. यजमान एक आणि पाहुणे सोळा, तेही बहुतेक उन्हाळ्याच्या चार महिन्यांत!

हे पाहुणे उतरणार कुठे? चांगस्पा, करझू, सांकर, तुकचा हे लेहचे हिरवे भाग. ओढ्याचे पाणी तिथे आधी पोचते, सावली आहे, बर्फाच्या डोंगराचे दर्शन आहे. म्हणजे शेताला जी जमीन उत्तम, तीच गेस्ट हाऊसला उत्तम. प्रथम घरातल्या दोन खोल्या भाड्याने गेल्या, मग अंगणात चार खोल्या चढल्या, मग जवाच्या वाफ्यात सिमेंटचे तीन मजले उभे राहिले. मातीच्या विटांची, पॉप्लरच्या तुळयांची घरे हिवाळ्यात ऊब धरतात. सिमेंटची घरे धरत नाहीत, पण ती 'पक्की' म्हणून त्यांना मान.

आम्ही त्या लडाखी कुटुंबाला नावे ठेवणार नाही. ज्यांच्या आजोबांनी सहा महिने बर्फात कोंडून काढले, त्यांच्या नातवाने पाहुण्यांना खोली देऊन मुलीला चंदीगडला कॉलेजात पाठवले तर त्यात वावगे काय? आपल्यापैकी कुणी चाळीतली खोली पुनर्विकासाला दिली नाही का? 'बाहेरच्यांनी येऊन लुटले' असेही म्हणून चालणार नाही. २०१९ पर्यंत लडाखमध्ये बाहेरच्या माणसाला जमीन विकत घेताच येत नव्हती. लेहची शेते लेहच्याच माणसांनी हॉटेलांखाली घातली आहेत. जमाखर्चाच्या वहीत खोल्यांचे भाडे जमेला लागते. शेत गेले, पाट बुजला, झरा आटला, याला मात्र वहीत खातेच नसते. तो खर्च दुसऱ्याच्या नावावर पडतो.

पाण्याचा पंच

परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ज्यांच्या घरात आहे त्यांना रोहिणी नदीची हकीगत सांगायला नको. शाक्य आणि कोलीय या दोघांची शेते रोहिणीच्या पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यातूनच त्याने परिव्रज्या घेतली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला ही जुनी समजूत बाबासाहेबांनी बाजूला ठेवली आणि पाण्याच्या वाटपाचा प्रश्न पुढे ठेवला. आम्हाला तर हे लेहला फार लागू वाटते.

लडाखच्या गावात पाण्याचा पंच असतो. त्याला 'चुरपोन' म्हणतात. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी सोडायचे हे तो बघतो. पाटाचे तोंड दगड-मातीने बंद करायचे आणि पाळी आली की उघडायचे. यंत्र नाही, मीटर नाही; सगळा कारभार गावाच्या विश्वासावर. पण चुरपोनचा अधिकार चालतो तो पाटावर. बोअरवेलवर तो चालत नाही. हॉटेलवाल्याने स्वतःच्या आवारात कूपनलिका खोदली की त्याची पाळी कायमची! खालच्या बाजूचा झरा आटला तर तो कुणामुळे आटला हे दाखवायलाही जागा राहत नाही.

दिल्ली-मुंबईचा पाहुणा शॉवर मागतो, फ्लश मागतो, रोज धुतलेली चादर मागतो. जुन्या लडाखी घरात माणशी एक-दोन बादल्यांत दिवस निघत असे. शहराला पाणी पुरत नाही म्हणून खाली सिंधू नदीच्या काठावरून पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवतात. जे पाणी आपल्या पायांनी डोंगरावरून खाली येत होते, ते आता वीज खाऊन खालून वर जाते.

आता संडासाबद्दल. कौटुंबिक पानावर हा विषय नको असे कुणाला वाटेल. पण आपल्या समाजाने हा विषय टाळावा असा नाही. लडाखी घरातला जुना संडास दुमजली असतो. वरच्या खोलीत जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग. बसून झाले की वरून माती किंवा राख लोटायची. खालच्या बंद खोलीत महिनोन् महिने त्याचे खत होते आणि ते शेतात जाते. पाणी लागतच नाही.

'कोरडा संडास' म्हटले की आमच्या अंगावर काटा येतो. कारण इकडे कोरडा संडास म्हणजे दुसऱ्याचा मैला डोक्यावरून वाहणारा एक समाज. त्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, पुन्हा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरून माणसे मरतच आहेत. लडाखमध्ये फरक असा की हे खत घरचेच लोक काढतात आणि स्वतःच्याच शेतात टाकतात. या कामासाठी त्यांनी एक जात बाजूला काढली नाही. घाण ज्याची, खत त्याचे. आमच्या मते या एका गोष्टीसाठी तरी आपल्या नगरपालिकांचे अधिकारी तिकडे अभ्यासाला पाठवावेत. (ते पँगाँग बघून परत येतील, ही भीती आहेच.)

हॉटेलात फ्लश आला आणि ही साखळी तुटली. शेताचे खत गेले, त्या जागी पिशवीतले रासायनिक खत आले. मैला गेला जमिनीखालच्या टाकीत आणि शोषखड्ड्यात. लेहची जमीन वाळू-गोट्यांची, पाणी झिरपायला वेळ लागत नाही. त्याच जमिनीतून बोअरचे आणि झऱ्याचे पाणी येते. भुयारी गटाराचे काम सुरू झाले ते हॉटेले झाल्यानंतर. आणि टाक्या भरल्या की त्या उपसायला कोण उतरणार? लडाखला जो प्रश्न कधी पडला नव्हता तो आता शहराबरोबर तिथे गेला आहे.

चोगलमसरची रात्र

५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. डोंगरांवर गवताची काडी नाही, उतारावर सुटे दगड आणि माती. पाऊस थोडा वेळच पडला, पण त्या पाण्याने सगळा राडा ओढत खाली आणला. लेहच्या बसस्थानकाचा भाग, टेलिफोनचे केंद्र, रुग्णालयाचा भाग चिखलाने भरून गेला. सर्वांत मोठा घाव बसला तो शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरच्या चोगलमसरला. साबूच्या नाळेतून आलेला चिखल-दगडांचा लोंढा वस्तीवरून गेला. एकूण दोनशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत गेली.

चोगलमसरमध्ये राहत होते कोण? तिबेटी निर्वासितांची वसाहत तिथे १९६० च्या दशकापासून आहे. चांगथांगच्या पठारावर मेंढ्या-याक चारणारे चांगपा, कळप विकून शहराच्या कडेला मजुरीला आले, तेही याच भागात. दूरच्या खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुटुंबे, नोकरदार, आणि बिहार, झारखंड, नेपाळचे मजूर, जे लेहचे रस्ते आणि हॉटेले बांधतात. शहरात जागा परवडत नाही, जुन्या गावात शेत नाही, म्हणून ही माणसे खालच्या मोकळ्या माळावर गेली. पण तो माळ मोकळा का होता, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. डोंगराच्या नाळेतून शतकानुशतके येणारा गाळ सुपासारखा पसरून तो माळ झाला होता. नाळ कोरडी दिसते, ओढा कुठे नाहीच असे वाटते. पन्नास वर्षे पाणी येत नाही आणि एके रात्री येते.

मेलेल्यांत परप्रांतीय मजूरही होते. गाव, घर, रेशनकार्ड ज्याचे तिथे आहे त्याचे नाव यादीत लवकर लागते. झारखंडच्या दुमक्याहून रस्त्याच्या कामावर आलेल्या माणसाला आधी शोधणार कोण?

इथे आम्हाला आपले गाव आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात महारवाडा कुठे असायचा? गावाच्या उताराला, जिथे गावाचे सांडपाणी वाहून जाते तिथे. ती जागा आपल्या आजा-पणजांनी निवडलेली नव्हती. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत डोंगर खाली आला तेव्हा गाडले गेले ते आदिवासीच. दरड जात विचारत नाही, असे वर्तमानपत्रांत लिहितात. दरडीला विचारावे लागत नाही. तिच्या वाटेत कुणाला बसवायचे हे आधीच ठरलेले असते.

ज्याला जमीनच नाही

लडाख बुद्धाची भूमी आहे म्हणून तिथे उच्चनीच नाही असे आपल्या लोकांना वाटते. तसे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोन हे वादक आणि सुतार, गारा हे लोहार, आणि बेदा हे गावोगाव फिरणारे वाजंत्री. लग्नात, सणात सुरना आणि दमन यांच्याशिवाय चालत नाही. पण पंगतीत वाजवणाऱ्याची जागा शेवटी, दाराजवळ. बाकीचे त्यांच्याशी सोयरीक करीत नाहीत. हलगी वाजवणाऱ्या आपल्या बापजाद्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. यातले बेदा तर परंपरेने भूमिहीन. १९८९ साली मोन, गारा आणि बेदा या तिघांनाही, लडाखच्या इतर जमातींबरोबर, अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कागदावर सगळे एक झाले, शेत मात्र ज्याचे होते त्याचेच राहिले.

आता शेताचे हॉटेल झाले तर लाभ कुणाला? ज्याच्याकडे शेत होते त्याला. ज्याच्याकडे नव्हते त्याला वाढलेले भाडे आणि टँकरची रांग. जुन्या लेहमधल्या बऱ्याच मालकांनी खाली शेतात नवी घरे बांधली आणि राजवाड्याखालची मोडकळीला आलेली घरे भाडेकरूंना दिली. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सर्वांना सारखी कसायला द्यावी, असे मांडले होते. ते हवेत मांडले नव्हते. जमिनीची किंमत वाढते तेव्हा भूमिहीन माणूस जागच्या जागी अधिक गरीब होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० आणि ३५अ चे संरक्षण गेले, ३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख केंद्रशासित प्रदेश झाला. त्या दिवशी लेहच्या बाजारात आनंद झाला. वेगळेपणाची मागणी जुनीच होती. पण विधानसभा नाही, आणि जमीन बाहेर जाऊ नये यासाठी पूर्वीचा कायदाही नाही, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हापासून सहाव्या अनुसूचीची मागणी आहे. लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुसलमान, ज्यांच्यात पूर्वी बरेच वितुष्ट होते, या मागणीसाठी एकत्र बसले. मार्च २०२४ मध्ये सोनम वांगचुक यांनी लेहच्या थंडीत २१ दिवस उपोषण केले. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि चार माणसे प्राणाला मुकली. आम्हाला ही मागणी रास्त वाटते. फक्त एक गोष्ट आम्ही विचारू: बाहेरच्यापासून जमीन वाचवल्यावर आतल्या बेद्याला, चोगलमसरच्या चांगप्याला त्यातली हातभर तरी मिळणार आहे का?

काही माणसे तिथे शहाणपणाने काम करतात, हेही सांगायला हवे. चेवांग नोरफेल हे सरकारी खात्यातले अभियंता. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारावर अडवून गोठवायचे आणि वसंतात, पेरणीच्या वेळी, ते वितळून शेतात यावे, अशी कृत्रिम हिमनदीची योजना त्यांनी १९८० च्या दशकात सुरू केली. साध्या दगडी बंधाऱ्यांचे काम! २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नंतर सोनम वांगचुक यांनी तेच पाणी स्तूपाच्या आकारात उभे गोठवून दाखवले. आणि तिथल्या महिला मंडळींनी १९९८ मध्येच बाजारातून प्लास्टिकच्या पिशव्या हद्दपार करायला लावल्या होत्या. आपल्याकडे हे अजून भाषणातच आहे.

ज्या कुटुंबांचा जायचा बेत असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. हवा विरळ आहे, दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मोठ्या हॉटेलाऐवजी एखाद्या खेड्यात घरगुती मुक्काम करा. पैसे थेट बाईच्या हातात पडतात आणि जवाच्या पिठाची भाकरीही मिळते. शॉवरऐवजी बादली मागा. चाळीत वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात नवे काही नाही. मातीचा संडास असेल तर मुलांना नाक मुरडू देऊ नका, कसा वापरायचा ते दाखवा. आणि लेहहून ठिकसे-हेमिसकडे जाताना गाडी चोगलमसरमधूनच जाते. तिथे चालकाला दहा मिनिटे थांबायला सांगा. डाव्या हाताला डोंगराच्या बाजूला बघा, साबूकडून येणारी कोरडी नाळ दिसेल. तिच्या तोंडाशी पुन्हा घरे झाली आहेत.